पानं किती?

“पानं किती?”

मॅनेजरकाकांनी वहीतून मान वर न काढता विचारलं आणि मी म्हणून गेले, “एकशे चाळीस.”

निनाद माझ्याकडं बघतच राहिला. आमची यादी त्या रविवारी साडेतीनशेला येऊन अडली होती, आणि तीही चार वेळा भांडून. “अगं, एकशे चाळीस तर माझी मावस-मामे भावंडंच होतील,” तो म्हणाला. काकांनी चष्म्यावरून आधी त्याच्याकडं, मग माझ्याकडं पाहिलं. लग्न ठरलेल्या जोडप्यांनी आपल्या टेबलासमोर आकड्यावरून वाद घालायचा, याची त्यांना सवय असावी. वहीत लिहिलेलं १४० त्यांनी शांतपणे खोडलं आणि पेन हवेत धरून थांबले. मी सारवासारव केली, “साडेतीनशे. साडेतीनशेच धरा.” त्यांनी धरले. मग भाडं ८०,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, अनामत वेगळी, वीज मीटरप्रमाणे, जनरेटरचं डिझेल तुमचं, गाद्या-उशा मागाल तेवढ्या पण मोजून परत, असं सगळं ते पाठ असल्यासारखं सांगत गेले आणि मी मान हलवत राहिले. ते एकशे चाळीस मात्र डोक्यातून जाईना. हा आकडा आमच्या एकाही यादीत नव्हता. खोडाखोड झालेल्या कच्च्या यादीतसुद्धा नव्हता.

हॉल बघायला आम्ही शनिवारी रात्री पुण्याहून निघायचो. लग्न मुलीकडं, म्हणजे सांगलीत, यावर दोन्ही घरांचं एकमत होतं, आणि एकमत झालेली तेवढी एकच गोष्ट. गुरुजींनी नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरचा पहिला आठवडा यातले चार मुहूर्त काढून दिले होते. त्यापुढं शुक्राचा अस्त, मग पौष, म्हणजे गोष्ट थेट फेब्रुवारीवर. तोवर निनादच्या कंपनीनं त्याला कुठं पाठवलं असतं देव जाणे. चार तारखा आणि त्यांच्यावर अख्ख्या जिल्ह्याचा डोळा. एका हॉलवाल्यानं फोनवरच विचारलं, “यंदाचं म्हणताय की पुढच्या सालचं?”

शंभर फुटीवरच्या एसी हॉलमध्ये शिरल्या शिरल्या नव्या कार्पेटचा आणि रूम फ्रेशनरचा वास आला. निनादच्या आईला तो व्हिडिओ कॉलवरच पसंत पडला. डोंबिवलीत असं काही मिळत नाही, मिळालं तर अर्ध्या दिवसासाठी मिळतं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच असणार. सगळं सुरळीत चाललं होतं, मी होमाचं विचारेपर्यंत. “होम अलाउड नाही मॅडम, वर धुराचे सेन्सर आहेत. कापूर चालेल.” म्हणजे सप्तपदी कापराभोवती. निनाद म्हणाला, विझायच्या आत भरभर चालू. मिरज रोडच्या लॉनवर प्लास्टिकच्या हिरवळीत पावसाचं पाणी साचलेलं, प्रत्येक पावलाला चपक चपक. तिथल्या मालकाच्या मुलानं आम्हाला ‘एन्ट्री’ समजावून सांगितली. धूर सुटतो, दोन्ही बाजूंनी थंड फटाके उडतात आणि मधोमध एक मोठं कमळ पाकळी पाकळीनं उघडून आतून नवरी निघते. “कमळ किती किलोपर्यंत घेतं?” निनादनं इतक्या गंभीरपणे विचारलं की त्या मुलानं खरंच कुणाला तरी फोन लावला. एका मैत्रिणीनं कोकणातल्या किनाऱ्यावरचं रिसॉर्ट सुचवलं होतं, बाबांनी एकच विचारलं, “तिथं आपलं कोण आहे?” विषय संपला.

गावभागातलं जुनं कार्यालय मला मनापासून आवडलं होतं. शहाबादी फरशी, पाय ठेवला की बोलणारा लाकडी जिना, कोठीत उलट्या ठेवलेल्या पातेल्यांचा थंड पितळी वास. खालच्या जेवणघराच्या भिंतीवर एक निळी रेघ होती, पट्टीनं आखल्यासारखी सरळ, आणि शेजारी २०१९. मी तिच्याखाली जाऊन उभी राहिले. रेघ माझ्या डोक्याच्या बरीच वर होती. निनादला फोटो काढायचा होता. मी म्हटलं, नको. तारीख तशीही गेलेली होती.

सांगलीत वाढलेल्या माणसाला अशा रेघा नवीन नाहीत. पावसाळ्यात आमच्याकडं कुणी ‘काय म्हणता, बरं आहे का’ विचारत नाही. ‘आयर्विनला किती फूट?’ विचारतात. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल, त्याच्या खांबावर ४० ला इशारा, ४५ ला धोका. वरच्या कोयना धरणातून किती सोडलं, खालच्या अलमट्टी धरणानं किती अडवलं, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी कळतं. आमच्या स्वयंपाकघरातही बाबांनी पेन्सिलीनं तीन रेघा मारून ठेवल्यात. २००५ ची ओट्याच्या उंचीला, २०२१ ची तिच्या जराशी वर, आणि घड्याळाच्या थोडी खाली २०१९ ची, जेव्हा आयर्विननं ५७ फूट ओलांडले. आई दर दिवाळीला म्हणते, रंग देताना पुसून टाका. बाबा हो म्हणतात आणि रंगाऱ्याला तेवढी पट्टी सोडायला सांगतात. साखरपुड्यानंतर पहिल्यांदा घरी आलेल्या निनादच्या आईंनी त्या रेघांकडं बघत हळूच विचारलं होतं, “डिसेंबरात नाही ना हो येत पूर?”

तर हा हॉल, जिथं मी एकशे चाळीस म्हणाले, विश्रामबागच्या पुढं, मुख्य रस्त्यापासून जरा आत. दिसायला अगदीच सुमार. वर पत्रा, खाली मोझॅइक, भिंतींना कुणाच्याही डोळ्यात न भरेल असा रंग. चातुर्मास असल्यानं आत साड्यांचा सेल चालू होता. बोहल्याच्या जागी नायलॉन पैठण्यांचा ढीग, दोन्ही बाजूंना बायकांची झुंबड, माईकवर “फक्त आजचा दिवस”. त्या गर्दीतून वाट काढत आम्ही कोठीघर पाहिलं, जेवणाचा हॉल पाहिला, दोन्ही पक्षांच्या खोल्या लांबूनच पाहिल्या. पार्किंग भरपूर, पाणी भरपूर, होमाला हरकत नाही, आचारी त्यांचा, आणि मुहूर्तांतला एक, नोव्हेंबरअखेरचा, चक्क मोकळा. निनाद खुश झाला. मी आत शिरल्यापासून गप्प होते आणि त्याचं कारण मी त्याला सांगितलेलं नव्हतं. या हॉलचं नाव पत्त्यांच्या यादीत वाचलं तेव्हाच मला कळलं होतं की तो कुठला हॉल. तरीही बघून येऊ म्हणाले. लग्नाच्या घाईत जुन्या गोष्टी मनावर घ्यायच्या नाहीत असं मी ठरवलं होतं, आणि घेतल्याही नाहीत. ‘पानं किती’पर्यंत.

हा शब्दही बघा. केळीचं पान मांडवातून केव्हाच गेलं. आता कप्प्यांचं स्टीलचं ताट, नाही तर मेलामाईनची प्लेट हातात घेऊन उभं राहायचं. पण हिशेबाला बसलं की माणसाचं पान होतं ते होतंच. आमच्या यादीच्या रात्री मी आणि आई फरशीवर कागद पसरून बसायचो आणि दूर कॉटवरून बाबा आवाज द्यायचे, “त्या घरची चार पानं धर.” बाबा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत, तीस वर्षं. सकाळी सौदे निघाले की पट्ट्या, तोलाई, हमाली, सगळं त्यांच्या वहीतून जातं. त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या बाह्या मनगटापाशी पिवळ्या. कितीही घासा, राजापुरी हळद निघत नाही. आमच्या घरात हळद लागायला लग्न लागत नाही, असं आई म्हणते. हे बाबा यादीतून कुणालाच गाळायला तयार नव्हते. यार्डातले हमाल, तोलाईदार, बेडग-आरगकडचे शेतकरी, ज्या टपरीवर तीस वर्षं चहा घेतला तो चहावाला. मी म्हणायचे, बाबा, या माणसाला मी आयुष्यात पाहिलेलं नाही. ते म्हणायचे, त्यानं तुला पाहिलंय. निनादकडची यादी तर दर रविवारी वाढत होती. दोन ट्रॅव्हल्स ठरल्या होत्या आणि तिसरीचं नाव निघत होतं. मग आम्ही दोघं पुण्याला परतताना गाडीत आमच्या आमच्या मित्रांना कात्री लावायचो. यात न्याय वगैरे काही नव्हता. ज्याचे आई-वडील फोनवर रुसणार नाहीत तो कटायचा.

त्या रात्री झोप लागेना म्हणून पाणी प्यायला उठले. बाहेर पाऊस नव्हता, ओट्यावरचा दिवा तेवढा लावला आणि समोर त्या तीन रेघा. रेघांपाशी बाबांच्या अक्षरातली सालं. बाबांचा १ वर जरासा वळतो, आकड्यांना अंगचीच एक टापटीप असते. त्या एका अक्षरावरून मला सगळा फळाच दिसला.

एकूण १४०. पैकी लहान मुले ३१.

कार्यालयाच्या दारात ज्या फळ्यावर चि. अमुक आणि चि. सौ. कां. तमुक लिहितात, त्या फळ्यावर खडूनं, बाबांच्या हातचं.

२०१९ साली नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही घर सोडलं. आईनं कागदपत्रांची पिशवी, दागिन्यांचा डबा आणि का कोण जाणे, पोळपाट घेतला होता. गुडघाभर पाण्यातून नाक्यापर्यंत, तिथून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, आणि ट्रॉली थेट या हॉलच्या दारात. आम्ही तिथं सात रात्री काढल्या. हॉलमध्ये लग्नाच्या गाद्या अंथरलेल्या. एका घराला तीन गाद्या, मध्ये खुर्च्यांची भिंत करून घराघरांची हद्द. आमच्या वाट्याला खोली आली होती, कारण आजी सोबत होती. दारावर पितळी पाटी, ‘वरपक्ष’. आत आम्ही, शेजारचे दोघं आणि कर्नाळ रोडवरचं एक मुलाणी कुटुंब. समोरच्या ‘वधूपक्षा’त लेकुरवाळ्या बायका. आजीला याची इतकी गंमत वाटली होती की ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, “आम्ही मुलाकडचे हो. आमचा मान आधी.” मी तेव्हा तेवीस वर्षांची, हसायचे सगळ्यांबरोबर. रात्री मात्र पत्र्यावर पाऊस सुरू झाला की अख्खा हॉल एकदम गप्प व्हायचा. ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटल्याची बातमी आली त्या संध्याकाळी कुणी जेवायला उठलंच नाही. आचारी दोनदा दारात येऊन परत गेला.

हॉलचा आचारीही आमच्यासारखाच अडकलेला, गावाकडं जायची वाट बंद. मदतीच्या गाड्यांतून तांदूळ, डाळ, तेल, बिस्किटं येत होती. तो तीन दिवस खिचडी करत राहिला. चौथ्या दिवशी दुपारी कोठीतून एकदम गोडा मसाला परतल्याचा वास आला. त्यानं लग्नाचा मसालेभात केला होता. काजू नव्हते, तोंडली नव्हती, खोबरं नव्हतं. पण दाणे होते, कढीपत्ता होता आणि पिवळा रंग तर होताच. मुलं ‘लगीन लगीन’ म्हणत ओरडत सुटली. तो कोठीच्या दारात कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि मोठ्यानं विचारलं, “पानं किती?” आणि बाबा फळ्यापाशी उभे होते तिथून म्हणाले, “एकशे चाळीस.”

बाबा पहिले दोन दिवस जेवलेच नव्हते. रांगेत ताट घेऊन उभं राहणं त्यांना जमेना. तसं बोलले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले. मग तिसऱ्या दिवशी मोजणीत गोंधळ झाला, डबे कमी पडले, मदतीला आलेल्या एका पोरानं आवाज चढवला, “एकेकानं दोनदा घ्यायचं नाही!” आणि बाबांनी त्याच्या हातातला खडू घेतला. घरवार नावं, माणसं, मुलं, आजारी कोण, मीठ कुणाला चालत नाही, सगळं त्यांनी एका रजिस्टरवर उतरवून काढलं आणि बेरीज फळ्यावर लिहिली. रोज संध्याकाळी ती पुसून नवी लिहायचे. कुणी नातेवाइकाकडं गेलं की दोन कमी, कुणी नवीन आलं की पाच जास्त. हाती हिशेब आला तसे ते जेवायला लागले. सगळ्यांच्या शेवटी, उभ्या उभ्या, कोठीच्या दारात. बकरी ईद त्या हॉलमध्येच आली, त्या दिवशी मुलाणी चाचांनी बाबांच्या हातातून खडू काढून घेतला आणि म्हणाले, आज आधी तुम्ही बसायचं, मी मोजतो.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. तिसऱ्या की चौथ्या सकाळी आई ‘वधूपक्षा’च्या खोलीत आंघोळीच्या रांगेत उभी होती. तिथं एक लोखंडी कपाट आहे, दाराला उभा आरसा. लग्नाच्या दिवशी नवऱ्या पिवळी साडी बदलून शालू नेसतात, तेव्हा कपाळाची टिकली काढून आरशावर चिकटवतात, आणि नंतर कुणाला आठवण राहते? त्या आरशावर वरच्या कोपऱ्यात अशा दहा-बारा टिकल्या होत्या. लाल, मरून, खड्यांच्या, एक चंद्रकोर. आईची टिकली पावसात कुठं तरी पडली होती आणि पाकीट घरी, पाण्याखाली. मागं उभी असलेली म्हातारी म्हणाली, “कपाळ मोकळं नको ठेवू गं.” आईनं इकडं तिकडं पाहिलं. मग नखानं एक टिकली सोडवली, मरून, मध्ये पांढरा खडा. गोंद वाळला होता. तिनं बोट जिभेला लावून तो ओला केला आणि टिकली कपाळावर दाबून धरली, बराच वेळ. आरशात आमची नजरानजर झाली. ती काही बोलली नाही, मीही नाही. मदतीत आलेली विटकी साडी, विस्कटलेला अंबाडा आणि मध्ये कुणा अनोळखी नवरीची खड्याची टिकली. चार दिवस तीच होती.

दुसऱ्या दिवशी हे मी निनादला सांगितलं. टिकलीचं सोडून. आम्ही घाटावर बसलो होतो, गणपतीचं दर्शन घेऊन, भडंगाची पुडी दोघांत. पूर त्याला माहीत होता, म्हणजे मी सांगितलेला तेवढा: ५७ फूट, घरात इतकं पाणी, टीव्ही गेला, भावाची दहावीची वह्या-पुस्तकं गेली. लोकांना पूर सांगताना मी नेहमी आकडेच सांगते, ते सोपे असतात. त्यानं सगळं ऐकून घेतलं, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, “मग सोड ना तो हॉल. दुसरा बघू.” इतकं समजूतदार कुणी बोलल्यावर राग येऊ नये. मला आला. मला दुसरा नको होता. तोही नको होता. जिथं आपण हात पसरून जेवलो तिथं निनादच्या डोंबिवलीच्या मावश्या जिलेबी वाढून घेणार, एसी नाही म्हणून नाक मुरडणार, हे मला सोसेल का, कळत नव्हतं. आणि ज्या जागेनं सात रात्री आसरा दिला, तिला पत्रा आहे म्हणून नाकारायची, याचीही लाज वाटत होती. मी भडंगातले लसणाचे तुकडे वेचून खात बसले. पाणी तेव्हा कुठं वीसच्या आसपास असेल, पायऱ्या बऱ्याच उघड्या होत्या.

आईला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. हॉलचं नाव ऐकून हात थांबले नाहीत. “स्टँडपासून लांब पडतो,” म्हणाली. मग थोड्या वेळानं, “पार्किंगचं काय?” आमच्याकडं एक स्कूटर आहे. मग, “त्या बाजूला डास फार.” बाबा पेपर वाचत होते, पान उलटायचे थांबले होते, एवढंच. मी म्हटलं, नको असेल तर तसं सांग. “मी कुठं नको म्हणतीय?” आई म्हणाली आणि निवडलेली मेथी पुन्हा निवडायला लागली.

पुढचे दोन आठवडे आणखी हॉल पाहिले. तपशील सांगत नाही, सगळे एकसारखे. एकाची तारीख होती पण आदल्या रात्रीच्या सीमांतपूजनाला हॉल मिळत नव्हता. दुसऱ्याचा भाव ताटामागं इतका की बाबांनी हमालांची नावं स्वतःच खोडायला पेन्सिल घेतली. त्यांच्या हातात ती पेन्सिल बघवेना. मीच कागद काढून घेतला. त्याच रात्री मॅनेजरकाकांचा फोन आला, तुमच्या तारखेला दुसरी पार्टी विचारतीय, काय ते उद्या सांगा. आम्ही तो हॉल घेतला त्यामागं एवढंच आहे. मुहूर्त मोजके, हॉल त्याहून मोजके, आणि साडेतीनशे पानं बसतील असा आमच्या खिशातला हा एकच. यापेक्षा उदात्त काही कारण असतं तर मला आवडलं असतं.

बयाणा द्यायला गेलो तो दिवस नेमका पावसाचा. गणपती आठवड्यावर आले होते. कोयनेतून विसर्ग वाढवलेला, आयर्विनला पाणी चाळिशीला टेकलेलं, खालच्या गल्ल्यांत लोकांनी सामान हलवायला घेतलेलं. आमच्याही घरी गॅसची शेगडी माळ्यावर आणि गहू कॉटवर चढले होते, नुसती खबरदारी. मला वाटलं आई येणार नाही. ती साडी बदलून सगळ्यांच्या आधी रिक्षात बसली होती.

काकांचा फोन सतत वाजत होता. महापालिकेतून विचारणा चालली असावी. हॉल मोकळा आहे का, किल्ली कुणाकडं आहे, असं काहीसं. “हो साहेब, मोकळा आहे. गाद्या आहेत. सेल उठला कालच.” फोन ठेवून त्यांनी आमच्यापुढं छापील फॉर्म सरकवला. बाबांनी तो दोन्ही हातांनी धरून डोळ्यांपासून लांब नेला आणि पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली, मोठ्यानं, पट्टी वाचावी तशी. मांसाहार व मद्यपान यास सक्त मनाई. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद. अक्षता म्हणून तांदळाऐवजी फुले वापरल्यास उत्तम. भिंतीस खिळे ठोकू नयेत. निनाद तोंडावर हात धरून हसू दाबत होता. अकरावी अट वाचताना बाबांचा आवाज जरा खाली आला. “निवडणूक, पूर अथवा अन्य आपत्तीत शासनाने कार्यालय ताब्यात घेतल्यास आरक्षण रद्द समजण्यात येईल. त्याबाबत कोणतीही तक्रार चालणार नाही.” ते थांबले. बाहेर पत्र्यावर पाऊस होता. काका घाईघाईनं म्हणाले, “ते आपलं नुसतं लिहायचं म्हणून हो. नोव्हेंबरात काय पूर येतोय?”

“बरोबर आहे,” बाबा म्हणाले. “असायलाच पाहिजे.” आणि खिशातून स्वतःचं पेन काढून त्यांनी फॉर्म भरायला घेतला. मुलीचं नाव, मुलाचं नाव, तारीख. काका वाकून बघत होते. “अक्षर छान आहे हो तुमचं.”

“सवय आहे,” बाबा म्हणाले. पानांच्या रकान्यात त्यांनी ३५० लिहिलं.

आई कुठं दिसेना. मी बघायला गेले. हॉल आता रिकामा होता, साड्यांच्या सेलचे चार हँगर आणि एक तुटकी टाचणीची डबी तेवढी कोपऱ्यात. ‘वरपक्षा’ला कुलूप होतं. ‘वधूपक्षा’चं दार उघडं. आई कपाटासमोर उभी होती, पर्स काखेत, हातात टिकल्यांचं नवं कोरं पाकीट. कपाट तेच, आरशाचा पारा खालून काळा पडत आलेला, आणि वरच्या कोपऱ्यात टिकल्या, यंदाच्या वैशाखातल्या असतील. तिनं पाकिटातून एक सोडवली, मरून, खड्याची, आणि त्या टिकल्यांच्या ओळीत लावली. अंगठ्यानं दाबून धरली, बराच वेळ.

मग तिनं आरशातच मला पाहिलं.

“भाडं कमी करतोय का काही?” ती म्हणाली. “का तुझ्या बाबांनी विचारलंच नाही?”